पाली गावच्या मावशीचा जबडा

पूनम सागर या वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी काय काम करते हे कुणालाच धड सांगता येत नाही. शेजारीण सगळ्यांना म्हणते, "ये प्लास्टिक की हड्डी बनाती है." तसं खोटं नाही ते. सर्जन स्कॅन पाठवतात, मी थ्रीडी प्रिंटरवर त्या हाडाचा नमुना काढते, आणि ते ऑपरेशनच्या आधीच त्यावर धातूची पट्टी बेतून ठेवतात.

एकदा स्कॅन आला तो आमच्याच मासळीवाल्या मावशीचा. तिच्या पाली गावातल्या गल्लीत स्कूटरने उडवल्यावर तिचा जबडा डावीकडे चुरला आणि तसाच वेडावाकडा जुळला. दुखणं ती सोसत होती, पण चार वर्षांची नात जवळ फिरकेना. "ही माझी आजी न्हाय," म्हणून रडायची. मावशीला तेच खात होतं.

आमची रीत सोपी. चांगली बाजू कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखी उलटवायची आणि मोडक्या बाजूला बसवायची. मी बसवली. काय देखणा जबडा झाला! स्वतःचीच पाठ थोपटली. सर्जननी मावशीला स्क्रीनवर होणारा चेहरा दाखवायला बोलावलं, तेव्हा मीही मिरवत गेले.

मावशीने स्क्रीन नीट पाहिली आणि म्हणाली, "चांगली हाय. पन ही कोन?"

राग माझ्या नाकावरच असतो. एवढी मेहनत घेतली त्याचं हे! पण तिने पिशवीतून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून माझ्यापुढे धरला. तिचा जबडा पहिल्यापासूनच डावीकडे जरा भरलेला होता. इतकी वर्षं मी तिच्या पापलेटचे कल्ले उघडून उघडून पाहिले, तिचं तोंड काही नीट पाहिलं नव्हतं. लाज वाटली मला.

सर्जन मात्र हसले. "चावायला अडचण येणार नाही. वाकडं तर वाकडं!" मग फोटो समोर ठेवून आम्ही डावी बाजू पुन्हा भरली. इतक्या आनंदाने मी कधी काही वाकडं केलं नसेल.

ऑपरेशन झालं. सूज पूर्ण उतरेपर्यंत मावशी घरातही तोंडावर पदर घेऊन वावरली. तो काढायचा ठरला त्या दिवशी तिने मला पालीला बोलावलं. नात ओट्यावर खेळत होती. मावशी तिच्यासमोर बसली आणि पदर बाजूला केला.

पोरीने मान वर केली, उठली आणि सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसली.

"आजी, तू कवा आलीस?"