बोय माशाला आलेला वास

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या गेटवर एक मासेवाली यायची. खाडीकाठच्या गावची, माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली. टोपलीत खाडीचेच मासे असायचे. बोय, खरबी, कधी चार चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. मी मूळची सांगलीकडची. मासे खायला शिकले ते बोईसरला येऊन, आणि तिच्याकडूनच. कुठला तळायचा, कुठला कालवणात टाकायचा, हे तिनं मला गेटवर उभं राहून शिकवलं होतं.

मी तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्याची महाव्यवस्थापक होते. केमिस्ट म्हणून लागले आणि चढत चढत तिथवर पोचले. सोसायटीची सेक्रेटरीही मीच. माझा शब्द खाली पडत नसे, आणि मला त्याची चांगलीच सवय झाली होती.

पावसाळ्यातल्या एका रविवारी बोय तळली. नवऱ्यानं पहिला घास तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. "फिनेलचा वास येतोय," तो म्हणाला. मी तुकडा नाकाजवळ नेला आणि उठलेच. तवा हातात घेऊन खाली गेले. ती अजून गेटवर होती, भोवती सोसायटीतल्या चार-पाच बायका.

"मासे फिनेलनं धुतेस का गं?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "शिळा माल खपवायला आम्हीच सापडलो तुला?"

ती हातातली चिंबोरी खाली ठेवून म्हणाली, "आज पाटेचेच मासे हायेत, मॅडम. वास माज्या हाताचा नाय. पान्याचा हाय."

तिनं तव्यातला एक तुकडा उचलून माझ्यापुढं धरला. मी मागं सरले. मग तिनंच तो तोंडात टाकला, सावकाश चावला, काटे काढले, गिळला. "आमच्या घरी पन हेच शिजलंय," ती म्हणाली.

मी वॉचमनला सांगितलं, यापुढे हिला गेटवर उभं करायचं नाही. टोपली डोक्यावर चढवायला दर वेळी कुणी ना कुणी हात लावायचं. त्या दिवशी कुणी पुढं झालं नाही. तिनं गुडघ्यावर घेऊन एकटीनंच ती चढवली.

पुढे नदीसाठी भांडायला लागल्यावर मी लोकांना सांगायचे की खरं काय ते मला नंतर कळलं. तेही खोटंच. वास मी वर ताटावरच ओळखला होता. ज्या रसायनावर मी उभं आयुष्य काढलं, त्याचा वास मला कळणार नाही? मला तो कळला, आणि म्हणूनच मी तवा घेऊन धावले. कुणावर तरी ओरडायला हवं होतं, आणि ती समोर होती.

सोमवारी कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्यांकडे गेले. तिथला ऑपरेटर बिहारचा, साधा माणूस. मी विचारलं, पाणी प्रक्रिया न करता कधी सोडता का? तो गोंधळला. "मॅडम, बारिश में तो खोल ही देते हैं. सीधा नाले में. ऊपर से ऑर्डर है."

"ऊपर म्हणजे कोण?"



ऑर्डर माझी होती. कुठल्याशा मीटिंगमध्ये, टाक्या भरून वाहतात अशी तक्रार आली तेव्हा, 'पावसात ॲडजस्ट करा' असं मी म्हणाले होते आणि चहाचा कप उचलला होता. नाला नदीला मिळतो, नदी खाडीला, आणि खाडीत बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून मासे धरतात. हे सगळं मला माहीत होतं. मी त्याला ॲडजस्ट म्हटलं होतं. आमच्या नळाला मात्र सूर्या नदीचं पाणी यायचं, मासवणकडून. कारखान्यालाही तेच. नितळ पाणी घ्यायचं आणि विष करून दुसऱ्यांच्या दारात सोडायचं. आपल्या दारात हे कुणी करू दिलं असतं का?

मी संचालकांकडे गेले. माशांच्या वासाचं सांगितलं, नाल्याकडचा व्हॉल्व्ह कायमचा बंद करू या म्हणाले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सगळेच सोडतात, मॅडम. आपण एकट्यानं बंद करून नदी साफ होणार आहे का?" मग हसून म्हणाले, "आणि मासे मार्केटमधून घ्या ना. तिथं बाहेरचे येतात."

ते हसू आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. पण मी लगेच राजीनामा दिला असं कुणी समजू नये. चार महिने मी त्याच खुर्चीत बसले, त्याच कागदांवर सह्या केल्या. मग सोडलं.

पहिलं काम म्हणजे त्या मासेवालीचं घर शोधणं. ती अंगणात वाकट्या मासे वाळत घालत होती. समुद्राकाठच्या दातिवऱ्याहून आणलेले. खाडीत आता काही लागत नव्हतं. तिनं मला ओळखलं, पण बस म्हणाली नाही. उन्हात तशीच उभी ठेवली. मी माफी मागितली.

"माफीचं काय कालवण करू?" ती म्हणाली. "काय काम हाय ते सांग."

पाण्याचे नमुने घ्यायचेत, मी म्हणाले. ती मला नाला नदीला मिळतो तिथं घेऊन गेली. पाणी गंजासारखं लाल होतं. त्यात उतरताना तिनं लुगडं वर खोचलं तेव्हा तिच्या पोटऱ्या दिसल्या. कातडी सोलून निघालेली, जागोजाग काळे चट्टे. गावातल्या सगळ्या बायकांचं असंच होतं. डॉक्टर मलम देत होते.

मी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली. तपासणी झाली, नमुने स्वच्छ निघाले. मला नवल वाटलं नाही. पूर्वी तपासणीच्या आधी टाक्या धुवून घेणारी मीच होते. आम्ही पुन्हा नमुने घेतले, पावसात घेतले, पुन्हा तक्रार केली. दीड वर्षानं पालघरला सुनावणी लागली.

कारखान्याकडून बोलायला आला तो माझ्या हाताखाली तयार झालेला अधिकारी. "मॅडमना बढती मिळाली नाही, त्याचा हा राग आहे," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. तेवढ्यात मागून ती उठली.

"ही बाय माजी कोनी नाय," ती म्हणाली. "हिनं मला गेटवरून हाकललेली हाय. पन मी मासा पुडं केला तवा ही मागं सरली. शिळ्या माशाला मानूस नाक मुरडतो. ही घाबरली. तवाच मला कळलं, पान्यात काय हाय ते हिला ठाऊक हाय. आता सांगतेय तर ऐका."

ती सगळं ओळखून होती, पहिल्या दिवसापासून. मी मान खाली घालून ऐकलं. मग उठले आणि पावसातल्या ऑर्डरीचं सगळं सांगितलं, माझ्यासकट.

त्या कारखान्याचा पाइप आमच्यासमोर सिमेंट ओतून बुजवला. एवढंच झालं. ऑर्डर देणाऱ्या कुणालाच काही झालं नाही. ना संचालकांना, ना मला. कामावरून गेला तो ऑपरेटर. सोसायटीतले लोक माझ्याशी बोलेनासे झाले. निम्म्या घरांची चूल अशाच कारखान्यांवर पेटते, त्यांचीही भीती खरी आहे. पण भीती कारखान्याची वाटते आणि राग माझा येतो, हे मला अजून पचत नाही.

बोय अजून परतलेली नाही. मासेवाली आता वाणगाव स्टेशनाबाहेर बाहेरचे मासे विकते. माझ्याशी गोड कधी बोलली नाही. गेल्या आठवड्यात फोन आला. "वरच्या अंगाला नवीन पाइप निगालाय, चिखलात पुरलेला. येतेस का नाय?"

मी गेले. पाणी या वेळी हिरवं होतं.