न झालेल्या मॅचसाठी गेलेला माझा भाऊ

फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. पलीकडून महेश बोलत होता, माझ्या भावाच्या, सदाच्या संघाचा कॅप्टन. "आक्का, काका ग्राउंडवर पडलेत," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, पडलाय का गेलाय ते नीट सांग. तो रडायला लागला, तेव्हा मला उत्तर मिळालं. गवारीवर ताट झाकलं, किल्ली शेजारणीकडे दिली आणि रिक्षाने निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सदाची बायपास होती...

त्याला आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे म्हणतात, सदाशिवराव भाग्यवान, मैदानावर मरण आलं. मी त्यांना चहा देते, कारण आलेल्याला चहा द्यावा लागतो. पण यातलं भाग्य मला अजून सापडलेलं नाही. मैदान रिकामं होतं. मॅच नव्हती, बॉलसुद्धा नव्हता. माझा धाकटा भाऊ दुसऱ्यांनी टाकून दिलेलं काम करायला गेला आणि तिथे मेला. हे भाग्य ज्याला हवं असेल त्याने खुशाल घेऊन जावं.

आम्ही मूळचे वारज्याचे. जिथे आता सोसायट्यांची पार्किंगं आहेत, तिथे ज्वारी काढल्यावर सदा अनवाणी फुटबॉल खेळायचा. पुढे स्वारगेटच्या डेपोत मेकॅनिक झाला, तरी ड्युटी संपली की सायकल घरी न येता ग्राउंडकडे वळायची. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, मग तो माझ्याकडेच राहायला आला. येताना कपड्यांची एक पेटी आणि फुटबॉलचं दोन पोती सामान घेऊन आला. तो ज्या क्लबच्या पोरांना शिकवायचा, तो जिल्ह्याच्या लीगमध्ये तिसऱ्या डिव्हिजनला खेळायचा. क्लबचं नाव मी लिहीत नाही, त्यांनी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पुष्कळ मोठं लिहून घेतलंय, सदाच्या फोटोपेक्षाही मोठं. तिसरी डिव्हिजन म्हणजे काय, तर कपडे झाडामागे बदलायचे, पाणी घरून न्यायचं, आणि रेफ्रीला शिव्या बेतानेच द्यायच्या, कारण पुढच्या रविवारी तोच येणार असतो. खेळणाऱ्यांचे बाप बघायला येत नाहीत, तर बाकीचे कोण येणार. मी जायचे. सदाचा डबा घेऊन जायचे आणि बसून राहायचे. मला ऑफसाइड कळतो.

गेल्या सीझनला या क्लबला एक रोग लागला होता. महेश स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढ्यात उभा राहून अडवणारा, आणि त्याच्या मागे गोलकीपर संतोष. दोघे सख्खे चुलत भाऊ. वडिलार्जित जमीन बिल्डरला दिली, वाटणीवरून दोघांचे बाप कोर्टात गेले, आणि पोरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. घरी बोलू नका, लग्नाकार्यात बोलू नका, पण गोलकीपरला मागून सगळं दिसतं, त्याने पुढच्याला ओरडून सांगायचं असतं, डावीकडून येतोय, सोड, मी घेतो. संतोष तोंड उघडायचा नाही. लाइनीकडे बघून म्हणायचा, "काका, त्याला सांगा सोड म्हणून." तोवर बॉल जाळ्यात.

मी सदाला म्हटलं, दोघांच्या कानाखाली वाजव. तो म्हणाला, "आक्का, कानाखाली वाजवून डिफेन्स सुधारत न्हाय." मग त्याने स्वतःचा उपाय काढला. गोलच्या मागे जाऊन उभा राहू लागला आणि संतोषला जे दिसायचं ते स्वतः बघून महेशला ओरडून सांगू लागला. हाफटाइमला बाजू बदलली की हाही सगळं ग्राउंड ओलांडून दुसऱ्या गोलमागे. साठी उलटलेला माणूस, उन्हात, घसा फोडून. सगळे हसायचे. पण संघ जिंकायला लागला, आणि मग हसणारेही म्हणायला लागले, काका आहेत म्हणून चाललंय. ते ऐकून सदा सुखावायचा. मला मात्र त्या दोन घोड्यांचा संताप यायचा. दोघांनाही दाढीमिशा होत्या, दोघांनाही पोरं होती.

हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, उशीर करू नका. हा म्हणाला, रविवारी शेवटची मॅच आहे, जिंकलो तर दुसऱ्या डिव्हिजनला जातो, सोमवारी ॲडमिट होतो. मी घरी आल्यावर म्हटलं, तू दवाखान्यात जा, गोलमागे मी उभी राहते. मी थट्टा करत नव्हते. तो हसत सुटला. "आवाज तुझा पोचंल आक्का. पण तू आपल्याच पोरांना शिव्या देशील."

रविवारी मॅच झालीच नाही. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, ग्राउंडवर मांडव पडला. नाव कशाला लिहू, चौकाचौकात फ्लेक्स आहेत, वाचा. पुढच्या रविवारी ग्राउंड मोकळं होतं, पण मांडवाच्या खांबांचे खड्डे गोलच्या पुढ्यात तसेच होते, रेफ्री म्हणाला, इथे पाय मोडतील. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच पुढाऱ्याने कसलासा सत्कार ठेवला. दर वेळी सदा दवाखान्यात फोन करून पुढची तारीख मागायचा, अगदी नम्रपणे, जणू तोच त्यांच्यावर उपकार करत होता. मी भांडले. त्याचे बूट लपवले, तर चपला घालून प्रॅक्टिसला गेला. महेशला बोलावून सांगितलं, याला सोडवा, तुम्ही दोघं बोलायला लागा म्हणजे हा मोकळा होईल. महेश खाली मान घालून म्हणाला, "मी बोलीन आक्का, पण पहिलं त्याने बोलावं." संतोषही तेच म्हणाला.

शेवटी मॅच बुधवारी ठेवली. बुधवारी समोरचा संघ आलाच नाही. त्यांची पोरं नोकरीची, आडवारी सुट्टी कोण देणार? रेफ्रीने नियमाप्रमाणे वाट बघितली, शिटी वाजवली आणि वॉकओव्हर दिला. बॉलला पाय न लागता आमचा क्लब दुसऱ्या डिव्हिजनला गेला. ज्या मॅचसाठी सदाने ऑपरेशन तीन वेळा पुढे ढकललं, ती झालीच नाही. पोरं नाचली, सदाला उचलून घेतलं आणि मिसळ खायला गेली. नेट दोन्ही गोलांना तशाच लटकत राहिल्या. महेशला वाटलं संतोष उतरवेल, संतोषला वाटलं महेश उतरवेल, आणि विचारायचं कुणी कुणाला? गुरुवारी सकाळी सदाच्या लक्षात आलं. मला म्हणाला, फिरून येतो. चोरीला जातील म्हणून एकटाच नेट सोडवायला गेला. पोस्टला बांधलेली वरची गाठ सोडवताना हात वर असतानाच कोसळला, असं तिथल्या झाडूवाल्याने सांगितलं.

दहाव्याला घाटावर माइक लावला होता. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतातच. तो पुढारी आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यात. म्हणाला, सदाशिवरावांनी खेळासाठी प्राण वेचले, त्यांच्या नावाने दरवर्षी स्पर्धा भरवू. लोक माना हलवत होते. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "साहेब, तारीख ठरवताना आधी तुमचा वाढदिवस बघून घ्या." माइक माझ्याकडे नव्हता, पण माझा आवाज पोचतो. तो कार्यकर्त्यांबरोबर निघून गेला. नातेवाईक म्हणाले, आक्काला वेळकाळ कळत नाही. मला चांगली कळते. वेळ कुणी घालवली तेही कळतं.

गेल्या रविवारी दुसऱ्या डिव्हिजनची पहिली मॅच होती. महेश नेट मागायला घरी आला. मी दिल्या आणि घडीची खुर्ची घेऊन त्याच्याबरोबर गेले. संघ हरला. सगळे बॅगा उचलायला लागले, तशी मी खुर्ची गोलजवळ नेऊन बसले. म्हटलं, नेट उतरून घडी झाल्याशिवाय मी उठणार नाही, अंधार पडला तरी इथेच आहे. बाकीचे घुटमळले. शेवटी महेश एका पोस्टला गेला, संतोष दुसऱ्या. नेट खाली आली. तिची घडी एकट्याला होत नाही. दोघांनी दोन टोकं धरून ताणायची असतात, मग समोरासमोर चालत येऊन कडा जुळवायच्या असतात. सदा तशीच करायला लावायचा. दोघं टोकं धरून उभे राहिले, एक डोंगराकडे बघतोय, दुसरा रस्त्याकडे. नेट मध्ये मातीत लोळत होती.

महेश माझ्याकडे वळून म्हणाला, "आक्का, त्याला सांगा जरा ओढ म्हणून."

मी म्हटलं, "सांगणारा माणूस मेला."

मग संतोष, जमिनीकडेच बघत, म्हणाला, "ओढ रे." महेशने ओढली. नेट मातीतून वर उचलली गेली, दोघं चालत जवळ आले, कडा जुळल्या. संतोषचे डोळे भरले होते. माझे नाहीत. दोन शब्द. हिवाळ्यात एवढे दोन शब्द तोंडातून काढले असते, तर माझा भाऊ आज घरी बसून पथ्याच्या जेवणाला नावं ठेवत असता.

दोघांनी घडी आणून माझ्या पायाशी ठेवली आणि मी काहीतरी बोलेन म्हणून उभे राहिले. मी म्हटलं, पलीकडच्या गोलची राहिलीय.