ट्रॅक्टरला घातलेली शेवंती

स्टुटगार्टच्या एका कारखान्यात मी उमेदवारी करत होतो, पण राहायला शहरात नव्हतो. शहरात खोल्या मिळत नाहीत, असं मी घरी कळवलं होतं. खरं म्हणजे खोल्या होत्या. फक्त मी दारात उभा राहिलो की खोली नेमकी त्याच सकाळी दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. शेवटी शहरापासून बसनं तासाभरावर, डोंगरातल्या एका खेड्यात, एका म्हाताऱ्या जोडप्यानं मला माडीवरची खोली दिली. ही साठ सालच्या आसपासची गोष्ट.

खोली चांगली होती. पण नोव्हेंबर लागला की त्या गावावर मळभ धरायचं ते मार्चपर्यंत हलायचं नाही. उजाडलं की नाही ते घड्याळाला विचारावं लागे. माझा स्वभाव मुळातच तिरसट, तो त्या उजेडात आणखी बिघडला. घरची आठवण यायची, आणि ती आली की मी कुणावर तरी चिडायचो. चिडायला तिथे कुणी नव्हतं, म्हणून बहुतेक वेळा बसच्या ड्रायव्हरवर चिडायचो.

घर एका अरुंद वाटेच्या टोकाला होतं. फाटकापासून खालच्या बसथांब्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सफरचंदाची झाडं आणि कुंपण, मध्ये ही वाट. त्या देशात आपल्या घरासमोरचा बर्फ आपणच काढायचा असतो, आणि तोही लोक कामावर निघायच्या आत. फाटकासमोरचा तुकडा साफ केला की कायद्याचं समाधान होई. आमच्या मालकीणबाई मात्र फावडं घेऊन थेट बसथांब्यापर्यंतची सगळी वाट मोकळी करायच्या. सगळा हिवाळाभर, रोज पहाटे.

कारण त्यांनीच मला सांगितलं, पहिल्याच आठवड्यात, स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, कान जरा पुढे आलेले, ओठ मिटलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा. लढाईच्या शेवटी रशियात बेपत्ता झाला होता. मेला असं कुणी पाहिलं नव्हतं, जिवंत आहे असंही कुणी पाहिलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी तिकडच्या कैद्यांच्या शेवटच्या गाड्या आल्या, तेव्हा बाई स्टेशनवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या गाड्यांत तो नव्हता.

"रशिया मोठा देश आहे," बाई म्हणाल्या. "तो चालत येईल. वाट बर्फानं बंद दिसली, तर आम्ही घर सोडलं असं समजेल आणि माघारी जाईल."

त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या. मीही एक बटाटा सोलायला घेतला.

मालक असं काही बोलायचे नाहीत. मला ते 'हेर इंजिनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणत. लाकडं ठेवायच्या शेडमध्ये आम्ही दोघेच असलो, की पाइप पेटवत म्हणायचे, "तो गेला, हेर इंजिनिअर. केव्हाच गेला. मला ठाऊक आहे, पास्टरना ठाऊक आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. ती तेवढी ऐकत नाही." गावातल्या स्मारकाच्या दगडावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरलेली होती. बाईंनी मुलाचं नाव तिथे कोरू दिलं नव्हतं. मालक हे सांगायचे ते शहाण्या माणसानं अडाणी माणसाबद्दल सांगावं तसं. मला ते पटायचं. आपण दोघेच काय ते व्यवहारी, असंही वाटायचं.

आदल्या हिवाळ्यात फावडं मारून मारून बाईंना न्यूमोनिया झाला होता. यंदा फावड्याला हात लावलात तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मालकांचा गुडघा आधीच्या लढाईपासून वाकत नव्हता, त्यामुळे त्यांच्यानं ते होणारं नव्हतं. आणि डॉक्टर काहीही म्हणोत, बर्फ पडला की बाई बाहेर जाणार, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. म्हणून मालकांनी शेजारच्या गावातल्या एका माळ्याकडून बर्फ उडवण्याचं जुनं यंत्र आणलं. ते आमच्या ट्रॅक्टरला बसवायचं होतं.

ट्रॅक्टर म्हणजे दोन चाकांचं लहानसं धूड. त्याच्यावर बसायचं नाही, मागून दोन लांब दांड्या धरून त्याच्याबरोबर चालायचं. मुलानं तो लढाईआधी स्वतःच्या पगारातून घेतला होता. तो मेकॅनिक होता. बागेतलं गवत कापायला पुढे कात्री लावता यावी, म्हणून त्यानं ट्रॅक्टरच्या नाकाडावर लोखंडाचा एक जाड कान स्वतः वेल्ड करून बसवला होता. वेल्डिंग चांगलं नव्हतं, डावीकडे वाहवलेलं होतं. आणि नेमका तो कान नव्या यंत्राच्या आड येत होता. यंत्र दुसऱ्या कंपनीचं. पत्र्याचं रुंद तोंड, आत बर्फ ओढून घेणारं मळसूत्री पातं, वर बर्फ लांब फेकणारं नळकांडं. त्याची भोकं आमच्या भोकांशी जुळत नव्हती आणि ट्रॅक्टरचा शाफ्ट त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

मालकांनी करवत काढली. त्यांनी ती कानावर टेकवली तोच बाई एप्रनला हात पुसत शेडमध्ये आल्या.

"कापायचं नाही."

"मग हे बसणार कसं?"

"ते मला माहीत नाही. त्यानं स्वतः केलेलं आहे ते. आल्यावर शोधेल."

"आल्यावर!" मालक ओरडले. मग पुढचं गिळलं आणि माझ्याकडे बघितलं. "आल्झो, बरं तर, हेर इंजिनिअर, तुम्हीच सांगा तिला."

बाईही माझ्याकडेच बघत होत्या. दोघांच्या भांडणात भाडेकरूनं पडू नये एवढी अक्कल मला होती. पण त्या बाईंचा चेहरा बघून मी म्हणून टाकलं, "कापायची काही गरज नाही." ते खरं होतं की नाही, हे मला अजून माहीत नव्हतं.

मग मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या शिकाऊ विभागात मास्तरांची परवानगी काढून एक जाड प्लेट बनवली. तिच्या मध्यभागी खिडकी कापली, म्हणजे मुलाचा कान त्यातून सुखरूप बाहेर येईल. प्लेट ट्रॅक्टरला बोल्टांनी आवळायची आणि यंत्र प्लेटला. शाफ्ट लांबवायला एक नळी कातून घेतली. सरळ काम वाकडं करून करण्यात माझा बराच वेळ गेला, पण त्या काळ्या दिवसांत मला ते आवडायला लागलं होतं.

"मूळ ट्रॅक्टरला कुठेही धक्का नाही," मी बाईंना दाखवलं. "बोल्ट सोडले की सगळं पहिल्यासारखं."

बाई आत गेल्या आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेले पाने घेऊन आल्या. मुलाचे पाने. त्यांनी ते नवऱ्यालाही कधी वापरू दिले नव्हते. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "त्याचे बोल्ट त्याच्याच पान्यांनी." शनिवारी दुपारी आम्ही यंत्र बसवलं. लोखंड इतकं गार होतं की बोटं चिकटत होती. मालकांनी हातानं पातं फिरवून बघितलं, ते अडखळलं नाही. बाई हसल्या. मी त्यांना हसताना फारसं बघितलेलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

इथे थांबलो असतो तर चांगलं झालं असतं. पण माझ्या वडिलांचं सांगलीला पंपाची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप. तिथे नवं बसवलेलं यंत्र पूजा केल्याशिवाय कधी सुरू झालं नाही. त्या वर्षीचा दसरा माझा कारखान्यात खिळे मोजल्यासारखा गेला होता, पाटीपूजन नाही की सोनं नाही. त्या शनिवारी, यंत्र बसवायच्या आधी, कारखान्यातून घरी येताना स्टेशनजवळच्या फुलांच्या दुकानात बघतो, तर दुकानभर शेवंती. पांढरीशुभ्र, भरगच्च. परमुलखात शेवंती बघून माझे डोळेच भरून आले. मी ओंजळी भरभरून घेतली. दुकानातल्या बाईंनी ती फार हळू आवाजात बोलत बांधून दिली. जर्मन माणसाचा चेहराच तसा, असं मी समजलो.

जाड दोरा आणि सुई मी मालकीणबाईंकडेच मागितली. त्यांना वाटलं, कोटाचं बटण तुटलं असेल.

रविवारी सकाळी ती दोघं चर्चला गेली आणि मी शेडमध्ये पूजा मांडली. ट्रॅक्टरच्या दोन दांड्यांवरून शेवंतीची माळ सोडली, इंजिनाला कुंकवाचं बोट लावलं, उदबत्ती खोचली. नारळ नव्हता, म्हणून बागेतलं सफरचंद ठेवलं. आई बघती तर हसली असती. दार उघडं ठेवून मी त्यांची वाट बघत बसलो, घरच्यांना काही गंमत दाखवायची असावी तसा.

ती दोघं वाटेनं वर आली, दोघंही काळ्या कपड्यांत. बाई दाराशी आल्या आणि उभ्याच राहिल्या. मी उत्साहानं सांगायला लागलो, आमच्याकडे यंत्राला असं करतात, शुभ असतं. त्या ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्या पुढे आल्या, माळेतलं एक फूल त्यांनी बोटानं सरळ केलं, मग लाकडं फोडायच्या ओंडक्यावर कोट न काढताच बसल्या.

"सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. आणि माळेकडे बघत, "आज सगळ्यांनी आपापल्या माणसांना नेली. मी एकटीच कधी नेत नाही."

मालकांनी मला बाहेर नेलं. तो रविवार टोटेनझोनटाग होता, मेलेल्यांचा रविवार. त्या दिवशी सगळं गाव चर्चमधून कबरस्तानात जातं आणि प्रत्येक कबरीवर फुलं ठेवतं. आणि ती फुलं असतात शेवंतीची. त्या दिवसांत हातात शेवंती दिसली की ती कुणा मेलेल्यासाठीच, हे तिथे लहान पोरालाही ठाऊक. बाई दर वर्षी चर्चमधून रिकाम्या हातानं, मान वर करून, कबरस्तानासमोरून घरी यायच्या. तसं येण्यातच त्यांचं सगळं काही होतं.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी आपल्याकडे म्हण आहे. एरवी ती हसत म्हणतात. मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मी माळ काढायला धावलो तर मालकांनी माझा दंड धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "पास्टरनी सांगितलं, मी सांगितलं, तिच्या बहिणीनं सांगितलं. आमचं कुणाचं ऐकलं नाही तिनं." ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. बाई दुपारपर्यंत शेडमध्येच होत्या. त्या रविवारी घरात चूल पेटली नाही.

मग बर्फ पडला. पहिल्याच मोठ्या बर्फात यंत्र असं काही चाललं की बस. पुढचा ढीग आत ओढून कुंपणापलीकडे फेकत होतं, आणि माझी प्लेट जागची हलली नाही. मालक दांड्या धरून आखडत्या पायानं मागून चालत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. दर पहाटे बाई त्या खिडकीत उभ्या राहून वाटेवर नजर लावायच्या. आज त्या पाठमोऱ्या होत्या, पाव कापत होत्या.

न्याहारीला त्या नवऱ्याला म्हणाल्या, "फाटकासमोरचं तेवढं काढत जा. पुढं कशाला उगाच?" नाताळात त्यांनी पास्टरना सांगितलं, दगडावर त्याचं नाव कोरा. मला त्या कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. उलट माझ्या ताटात आधीपेक्षा जास्त वाढायच्या. पण त्या एकाएकी म्हाताऱ्या झाल्या. ज्या फावड्यानं त्यांना मारलं असतं, त्याच्याच जोरावर त्या उभ्या होत्या, असं मला वाटायला लागलं, आणि मी शेडकडे जायचं टाळायला लागलो.

मालक मात्र रोज पहाटे ट्रॅक्टर काढायचे आणि फाटकाशी थांबायचे नाहीत. खाली बसथांब्यापर्यंत जायचे. नवं खेळणं मिळालंय म्हाताऱ्याला, असं मी मनात म्हणायचो.

फेब्रुवारीत प्लेटचे बोल्ट ढिले व्हायला लागले. मुलाचा कान चुकवण्यासाठी मधे खिडकी ठेवली होती, त्यामुळे प्लेट धक्के खाऊन लवत होती. तो कान कापला की प्लेट सपाट बसणार आणि काम कायमचं पक्कं होणार. मी शेडमध्ये गेलो. मालक वाकून तेच बघत होते.

"आता कापायला हरकत नाही," मी म्हणालो. "बाई काही म्हणणार नाहीत."

"नाही. ती काही म्हणणार नाही."

मी भिंतीवरची करवत काढली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि परत खिळ्याला अडकवली. मग मुलाचा पाना घेऊन एकेक बोल्ट आवळायला लागले. शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर त्या वाकड्या वेल्डिंगवर साचलेला बर्फ त्यांनी अंगठ्यानं पुसला.

"राहू दे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आल्यावर शोधेल तो."