दोन पांघरुणांची थंडी

बंगळुरात आपल्या अंगणात उभं राहून राजस्थानातल्या थंडीचा अंदाज सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. "आज तिथं दोन पांघरुणं," असं अक्का म्हणायच्या आणि आमच्याकडच्या हवेबद्दल चकार शब्द न काढता घरात जायच्या. त्या बसवनगुडीत आमच्या शेजारी राहायच्या आणि आमच्याच शाळेत भूगोल शिकवायच्या. शाळेत मिस, गल्लीत अक्का. पाठीमागे आम्ही पोरी त्यांना वाळूअक्का म्हणायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

तापमानाच्या अंशांवर त्यांचा विश्वास नव्हता. "पारा भिंतीला टांगलेला असतो, त्याला कुठं झोपायचं असतं?" म्हणून वाळवंटातल्या लहानमोठ्या स्टेशनांच्या मास्तरांना त्या जोडकार्डं पाठवायच्या. एका कार्डावर प्रश्न, जोडलेल्या कोऱ्या कार्डावर स्वतःचा पत्ता. मास्तरांनी चार ओळी लिहायच्या आणि पेटीत टाकायचं. प्रश्न ठरलेले असत. रात्री किती पांघरुणं लागतात, वाळूची वादळं कधी येतात आणि उतरायला जागा कुठं मिळेल. उत्तरं वहीत उतरवून त्यांनी दर पंधरवड्याची हवा पाठ केली होती.

या सगळ्याच्या मुळाशी मी होते. पंचावन्न-छप्पनची गोष्ट असेल, मी सातवीत होते. वाळवंटात रात्री वाळू थंड पडते, असं अक्कांनी वर्गात सांगितलं आणि मी आगाऊपणानं विचारलं, "मिस, तुम्ही हात लावून बघितलाय?"

"बघितलाय," त्या म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्याच महिन्यात जोडकार्डं सुरू झाली. जाऊन आलेल्या माणसाला तिथली पांघरुणं विचारावी लागत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण त्यांच्याशी ते बोलण्याची माझी छाती झाली नाही. एरवी उत्तरपत्रिकेतला एका नदीचा उगम चुकला तरी मुलीला घरून बोलावून घेणारी ही बाई. तिला आपलं एक खोटं खरं करायचं होतं.

हवा जमली, पण जागा जमेना. मास्तरांनी सुचवलेल्या धर्मशाळांची उत्तरं जणू एकाच हातानं लिहिलेली असायची. एकट्या बाईला खोली मिळत नाही, सोबत पुरुष कोण ते कळवा. अक्कांचं लग्न झालेलं नव्हतं. माझी आई म्हणाली, भावाला घेऊन जा. "त्याचं पोट दुसऱ्या गावाला गेलं की बिघडतं," अक्का म्हणाल्या. "मी वाळवंट बघू का त्याचं पोट?" आईनं पुन्हा विषय काढला, तेव्हा त्यांनी कानडी मिसळून "सरी, सरी, स्वल्प थांबू", म्हणजे बरं बरं, थोडं थांबू, म्हणून तो मिटवला. त्यांचं ते थांबणं सात वर्षं चाललं. दर डिसेंबरात लोकरीची शाल ट्रंकेतून बाहेर यायची, उन्हात पडायची आणि पुन्हा ट्रंकेत जायची. मला फार वाईट वाटायचं.

मग एका लहानशा स्टेशनावरून वेगळ्याच अक्षरात उत्तर आलं. तिथले मास्तर नेमानं उत्तर देणारे. या वेळी त्यांच्या बायकोनं लिहिलं होतं. "हे तुमची कार्डं मला वाचून दाखवतात. खोली कशाला शोधता, माझ्याकडे उतरा. घरात दोन पांघरुणं आहेत, तिसरं तेवढं घेऊन या."

मी तेव्हा लग्न होऊन हुबळीला होते. अक्का एकट्या गाडीत बसल्या, हे आईच्या पत्रातून कळलं. महिन्याभरानं मला एक जोडकार्ड आलं.

"सातवीत तू विचारलंस तेव्हा मी वाळूला हात लावलेला नव्हता. खोटं बोलले. आता लावला. थंड असते, पण वरची दोन बोटंच. आत हात घातला की दिवसाचं ऊन तिथं अजून असतं. म्हणजे मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. रागावली असशील तर तसं लिही." त्या वर्गातल्या जितक्या मुलींचा पत्ता मिळाला तितक्यांना त्यांनी हेच लिहिलं होतं, असं पुढे आईनं सांगितलं.

मला रागावायचं कारणच नव्हतं. पण "मला तेव्हाच कळलं होतं" असं लिहावं, तर एवढी वर्षं मी मनात हसत होते असं त्यांना वाटेल. आणि कळलं नव्हतं असं लिहावं, तर ते खोटं, तेही त्यांना. आज लिहू, उद्या लिहू करत मी कार्ड कपाटात ठेवलं. पावसाळ्यात आईचं पत्र आलं. अक्का चार दिवसांच्या तापानं गेल्या होत्या. शेवटपर्यंत पोस्टमन आला की उठून बसत होत्या, असं आईनं लिहिलं होतं.

बाकीच्या मुलींनी उत्तरं पाठवली की नाही, मला माहीत नाही. माझं कार्ड अजून जोडलेलंच आहे. त्याच्या कोऱ्या भागावर बसवनगुडीचा पत्ता अक्कांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवला आहे, म्हणजे मला फक्त चार ओळी लिहायच्या होत्या.