लेचाईचा अंगठा

रुपहीने लेचाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते भातखाचरात, रानडुकरासमोर. ती नवी नवरी होती. गावचे पुरुष बांधावर चढून ओरडत होते आणि हा बुटका माणूस भाला चिखलात रोवून, गुडघा टेकून बसला होता. डुक्कर आपणहून भाल्यावर आलं. रक्ताने न्हालेला लेचाई तिच्या नवऱ्याला, भदाईला म्हणाला, "दादा, मांडी माझी. डोकं बोराला द्या, त्याला गरज आहे."

बोरा म्हणजे वीस पाइकांवरचा नाईक. दिखौ नदीकाठच्या त्या गावात चौघा पाइकांचा एक गोट असे. एक जण राजाच्या कामावर जाई, उरलेले त्याचं शेत कसत. या गोटात पाळी आधी भदाईची, मग लेचाईची, मग तरण्या मौपियाची. चौथा आंधळा झाला होता.

मोगलांशी नदीवर लढून आल्यापासून लेचाई हसेनासा झाला. एकदा अंगणात तांदळाची दारू पिता पिता म्हणाला, "वहिनी, शत्रूची होडी उलटली की माणसं आपल्या होडीची कड धरतात. नुसती बोटं दिसतात. त्यांच्यावर कोयता घालायचा हुकूम. काही बोटं पोरांची होती गं."

"पुरे," भदाई म्हणाला.

पुढे भदाई आपली पाळी संपवून सुखरूप परतला आणि लेचाईला पुन्हा बोलावणं आलं. बोरा न्यायला आला तेव्हा रुपही पायाने ढेकी दाबून भात कांडत होती. लेचाईने उजवा हात ढेकीच्या लाकडावर ठेवला आणि डाव्या हाताने कोयता घातला. अंगठा भातात पडला.

"बोरादादा, आता धनुष्य ओढवत नाही. पुढच्याला न्या."

"पुढच्याला? मौपियाला बाणाचं टोक कुठलं ते तरी कळतं का?" बोराने भाल्याचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. दात पडले. "धनुर्धर मागितलाय. भदाई, भाता उचल."

लेचाई रांगत बोराच्या पायाशी गेला. "नको! मी येतो, डाव्या हाताने ओढतो!" बोराने त्याला लाथेने उडवला.

"गाढवा, मला विचारायचं तरी होतंस," एवढंच भदाई बोलला आणि गेला.

तोफगोळ्याने त्याच्या होडीच्या ठिकऱ्या झाल्या. देह मिळाला नाही. बातमी आली त्या सकाळी रुपही कोयता घेऊन लेचाईच्या दारात गेली. त्याने मान खाली घातली. तिचा घाव खांद्यात रुतला. मग तीच ओरडली, "मेल्या, आता माझं शेत कोण नांगरणार?"

पाईक मेला की त्याची जमीन राजाकडे परत जाते. बोरा ती घ्यायला आला, तेव्हा लेचाई खांदा बांधलेलाच बांधावर आडवा झाला.

"देह दाखवा, मग घ्या."

"हरामखोरा, तो मेलाय!"

"कोणी पाहिला? नाही ना? मग दादा अजून कामावर आहे. कामावरच्याचं शेत गोटाने कसायचं, ही तुमचीच रीत."

बोराने त्याला निपचित पडेपर्यंत चाबकाने फोडला. पण देह त्याच्याकडेही नव्हता. बांधाची खूण जागची हलली नाही.

रुपही त्याच्याशी अजून बोलत नाही. लेचाई नांगराची मूठ मनगटाला चिंधीने बांधतो आणि आधी भदाईचं शेत नांगरतो, मग स्वतःचं.