दोन मापांचा चुडा

केदारखेड्याच्या अकबरबीचा भरवसा फक्त अल्लावर. बाकी सगळं जग तिच्या हिशेबी संशयित. शेजारणीने उसनी साखर परत आणली तर ती वाटी हलवून बघायची, आणि ठोक दुकानदाराकडून आलेली प्रत्येक बांगडी नखाने वाजवायची.

नवरा गुलाम नबी वारल्यापासून बांगड्यांचं टोपलं तिच्या डोक्यावर आलं. गावातल्या निम्म्या सवाष्णींचा लग्नातला हिरवा चुडा तिच्या हातचा. नवरी कोणाचीही असो, चुडा भरला की अकबरबीच्या पाया पडते. मग अकबरबी तिच्या मनगटात स्वतःकडून वरची एक बांगडी चढवते आणि दुआ देते. दुपारच्या नमाजाला रामरावांची बायको उषाबाई तिला माजघराचा कोपरा झाडून द्यायची, वर धुतलेली चादर अंथरायची. एवढा घरोबा होता दोघींचा.

त्याच उषाबाईच्या आकांक्षाचा फोन आला. पोरगी भोकरदनला दवाखान्यात नर्स, मैत्रिणीबरोबर खोली करून राहणारी.

"चाची, चुडा भरायचाय. खोलीवर या. आणि आईला इतक्यात सांगू नका."

"कोणाचा चुडा?"

"आल्यावर सांगते. सव्वादोन मापाचाही आणा आणि अडीचचाही."

अकबरबीने फोन ठेवला आणि हिशेब मांडला. आईला चोरून लग्न म्हणजे नवरा दाखवण्यासारखा नाही. मग आहे कोण? अकबरबीचा मुलगा शाहबाज भोकरदनची जीप चालवायचा आणि आकांक्षा गावी येता-जाता त्याच्या शेजारच्या सीटवर बसायची. झालं! अकबरबीने मनातल्या मनात दोघांचा निकाह लावूनसुद्धा टाकला. पुढचंही तिला दिसलं. गावची दारं बंद होणार, जीपच्या काचा फुटणार, आणि पहिला दगड येणार तो रामरावांच्या घराकडून. दोन मापं का, हे काही जुळत नव्हतं. पण संशयाला सगळं जुळावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाहबाजच्याच जीपमध्ये बसली आणि वाटभर त्याच्या मानेकडे बघत राहिली. तो शिट्टी वाजवत होता. शिट्टी कशापायी, हाही प्रश्न होताच.

खोलीत शिरल्याबरोबर तिने खुंटीवर पुरुषाचा सदरा शोधला. पाणी सांडल्याचं निमित्त करून खाटेखाली वाकली आणि चपला बघितल्या. सगळ्या बायकी. कोनाड्यात देवीपुढे दिवा तेवत होता. आकांक्षा आणि तिची मैत्रीण, शहागडची मुक्ता, पाय दुमडून समोर बसल्या.

"नवरा कुठं हाय?" अकबरबीने थेट विचारलं.

"नवरा नाही, चाची. रविवारी आम्ही दोघीच लग्न करतोय. एकमेकींशी. कायद्यात त्याची नोंद होत नाही. देवीपुढे हार घालणार."

अकबरबीला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर ते हे, की आपला शाहबाज सुटला. तिने मोठ्याने "या अल्ला" म्हटलं, ते शुक्रियाचं होतं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मात्र तिच्या कपाळावर घाम होता.

"आमच्यात हा गुन्हा हाय, पोरी. बिलकुल गुन्हा."

"माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी राग धरणार नाही. पण दुसऱ्या कोणाच्या हातून मला चुडा नको."

अकबरबीने तिचा चेहरा निरखला. खोटं कुठे सापडतंय का बघत होती. हीच पोर लहानपणी नमाजाच्या चादरीवर येऊन लोळायची आणि ती उठेपर्यंत अकबरबी सजद्यात टेकलेलं डोकं उचलायची नाही. तिच्यात काय वाईट बघायचं, हे काही केल्या सुचेना.

"हिशेब घ्यायला अल्ला बसलाय," ती टोपलं ओढत म्हणाली. "त्यानं मला मदतीला बोलावलं न्हाई. आण हात इकडं."

आपण हे मायेने करतोय की पोरगा सुटल्याच्या खुशीत, असा संशय तिला स्वतःचाही आलाच. तरी तिने दोघींचे हात दाबून दाबून, एकही बांगडी न पिचवता चुडे भरले. दोघी पाया पडल्या. वरच्या बांगड्या चढल्या. दुआ मात्र अडकली, कारण नेहमीची दुआ नवऱ्याच्या आयुष्याची. ती जरा थांबली आणि म्हणाली, "एकमेकीला सांभाळा. लोक काही सांभाळून घेणार न्हाईत."

टोपलं घेऊन खोलीत शिरताना तिला जीपमधल्या बायांनी बघितलं होतं. ही बातमी तिच्याआधी गावात पोहोचली. त्यातून आकांक्षाने शनिवारी रात्री आईला फोनवर सगळं सांगून टाकलं. रविवारी सकाळी उषाबाई अकबरबीच्या दारात उभी. आत आली आणि तिने कडी लावली.

"माझ्या पोरीला चुडा तू भरला?"

अकबरबीला खोटं बोलता आलं असतं. माजघरातला कोपरा गेला, असं समजून ती म्हणाली, "मीच भरला."

उषाबाईने खाली बसकण मारली. ही आता बोंब मारते का शिव्या देते, याचा अंदाज घेत अकबरबी भिंतीला टेकून राहिली.

"मागं कोण बसल्तं तिच्या?" उषाबाईने विचारलं.

चुडा भरताना नवरीच्या मागे आई बसते. हात दुखला की पोरगी तिच्यावर रेलते, आणि त्या निमित्ताने दोघी रडून घेतात.

"कोणी न्हाई. मागं भिंत होती."

उषाबाईने पदर तोंडाला लावला. "मला बोलावलं असतं तरी मी गेले नसते, अकबरबी. पण पोरीनं बोलवायचं तर होतं."

यातलं पहिलं वाक्य अकबरबीला बिलकुल पटलं नाही.

"शाहबाज भोकरदनला गाडी काढून राह्यला," ती म्हणाली. "यायचं असंल तर जल्दी कर."

उषाबाई उठली. चपला शोधायला लागली. त्या तिच्या पायातच होत्या.