चिनी पिक्चरमधलं ‘होय’

आमच्या बाबांचं डोंगरकडा गावात पत्र्याचं शेड होतं. बाजाराच्या दिवशी दुपारी त्यात व्हिडिओ चालायचा. नव्वदीतली गोष्ट. एकदा त्यांनी मारामारीचा म्हणून एक चिनी पिक्चर आणला आणि सपशेल फसले. त्यात कुणी उडी मारत नव्हतं, कुणाचं नाक फुटत नव्हतं. लढाईनं देशोधडीला लागलेली माणसं गाठोडी घेऊन समुद्राकडे चालत राहायची, बस्स. अर्ध्या तासात शेड रिकामं झालं. मागच्या बाकावर एकटी आई उरली.

आईचं माहेर सिद्धेश्वरच्या धरणात गेलं होतं. बुडालं असं ती कधी म्हणायची नाही, ‘आमचं गाव उठलं’ म्हणायची. तेव्हा ती दहा वर्षांची होती. लोक घरांची लाकडं काढून बैलगाडीत भरत होते. तिचा थोरला भाऊ गाडी नव्या गावठाणात रिकामी करून दाराची चौकट आणायला परत गेला. जाताना ‘येतो’ म्हणाला. त्याच दिवसांत पाणी चढलं आणि तो आलाच नाही. कुणी म्हणालं त्याला पूर्णेच्या स्टेशनावर पाहिला, कुणी म्हणालं हैदराबादेला कामाला लागला. आजी-आजोबा वाट बघून गेले. आईनं मात्र आशा सोडली नाही. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, ती तसं करायची नाही. रिकामा पाट मांडायची आणि पाटाला ओवाळायची.

त्या पिक्चरमध्येही एक भाऊ आणि एक बहीण होती. शेवटी बहीण नावेत बसते, भाऊ काठावर राहतो. ती रडत काहीतरी विचारते आणि तो ओरडून म्हणतो, ‘होय’. अगदी स्पष्ट, आपल्या मराठीतलं. त्याच्यापुढे कॅसेट खराब होती, पडद्यावर नुसत्या मुंग्या यायच्या. आईनं बाबांना कॅसेट मागे फिरवून फिरवून तेवढंच दाखवायला लावलं. परत येशील का, असं ती पोरगी विचारते, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं. बाबा चिडवायचे, गडी शाळा शिकलेला दिसतो, आपल्यासारखं ‘व्हय’ म्हणत नाही. आई हसायची, पण ती कॅसेट तिनं परत जाऊ दिली नाही. दर दोन-चार महिन्यांनी ती लावायची, आणि त्या एका शब्दानंतर तिचा चेहरा असा निवांत व्हायचा की आम्हीही चिडवणं सोडून दिलं.

मग शेड बंद पडलं, कॅसेटला बुरशी लागली. मी हिंगोलीला शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. दोन हजारनंतर कधीतरी पुण्याला प्रशिक्षणाला गेले असताना एका दुकानात डीव्हीडीच्या कव्हरवर तीच नाव, तीच पोरगी दिसली. जुनी फिल्म धुऊन-पुसून, तुटलेले तुकडे जोडून नवी केली होती. खाली इंग्रजी अक्षरं होती. आईला केवढा आनंद होईल, म्हणून मी उड्या मारत घरी आले.

रविवारी सकाळी आम्ही दोघी बघायला बसलो. चित्र इतकं स्वच्छ होतं की आई बराच वेळ पोरीनं अंगाला गुंडाळलेल्या चादरीवरची ठिगळंच बघत राहिली. नावेचा प्रसंग आला. पोरीनं विचारलं, भावानं तोच शब्द ओरडून सांगितला. खाली अक्षरं उमटली. या वेळी मुंग्या आल्या नाहीत. भाऊ पाण्यात उतरला, नाव ढकलली, पाणी छातीला आलं, मग गळ्याला. नंतर नुसतं पाणी होतं.

आईनं विचारलं, “काय लिवलंय खाली?”

‘होय’ म्हणायला मला काय धाड भरली होती? पण मी पडले इंग्रजीची मास्तरीण. चूक दिसली की लाल पेन उचलायची खोड. मी सांगून टाकलं, ती विचारते तुला कुठं शोधू, आणि तो म्हणतो समुद्रात. त्यांच्या भाषेत समुद्राला ‘होय’सारखंच काहीतरी म्हणतात.

आई उठून भाकरी थापायला गेली. तिच्या पाठीकडे बघताना मला माझीच लाज वाटली.

महिनाभरानं पितरांचे दिवस आले. माहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आई आमच्याच घराच्या पत्र्यावर आईबापाची दोन पानं ठेवायची. त्या वर्षी तिनं तिसरं पान वाढलं. मी म्हटलं, आई, त्या पिक्चरचं काय मनावर घेतेस. तिनं ऐकलं नाही. पानावर वडा ठेवला, पाणी सोडलं आणि खाली येऊन अंगणात उभी राहिली.

आजी-आजोबांच्या पानांना नेहमी वेळ लागायचा. तिसऱ्या पानाला हात जोडायच्या आत कावळा शिवला. एक आला, मग तीन आले, आणि पान फाटेपर्यंत त्यांनी खाल्लं.

आईनं पत्र्याकडे बघत हात जोडले.

“उपाशी व्हता गं,” ती म्हणाली. “इतकी वर्सं म्या त्याला उपाशी ठेवलं.”